कोशिंबिरीच्या कुंड्यांमधली कीड: फवारण्याआधी पान उलटून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकला तिसऱ्या मजल्यावर पूर्वेकडची गॅलरी, वर थोडी गच्ची. गणपती उठल्यावर लेट्यूस, मुळा, कोथिंबीर, चेरी टोमॅटो आणि एक काकडीचा वेल लावलात. आता दिवाळी उलटली, मध्ये चार दिवस आभाळ आलं, आणि सगळं एकदम बिघडलं. लेट्यूसच्या पानाखाली हिरवे बारीक किडे, टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा, मुळ्याच्या पानांची चाळण, काकड्या बोटाएवढ्या होऊन वाकड्या होतायत आणि गळतायत. कडुनिंबाचं तेल आठवड्यात तीनदा फवारलंत. कीड आहे तिथंच आहे, लेट्यूसच्या कडा मात्र करपल्या. शेजारचे काका म्हणतात, शेतावरचं औषध आणून देतो, एका फवाऱ्यात साफ. आणि तुमचा प्रश्न एका ओळीचा: "नक्की कोणतं औषध मारू?"

मी पुण्यात गच्चीवर गेली अठरा वर्षं भाजी पिकवते, आणि पहिली तीन वर्षं हाच प्रश्न विचारत होते. म्हणून आधी एक सांगते. तुमच्याकडे एक कीड नाही, निदान चार आहेत. त्यांतली एक पानाच्या पोटात राहते, एक फळाच्या पोटात, एक पानाखाली आणि एक कदाचित दिवसा मातीत. या चौघींना लागू पडेल असं एकच औषध म्हणजे इतकं जहाल काहीतरी, की ते तुमच्या ताटात यायला नको. आमटीत जाणारी भाजी निदान शिजते. ही तर सकाळी तोडायची, धुवायची आणि दही-दाण्याचं कूट घालून दुपारी खायची. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न असा आहे: काय खातंय, कुठला भाग खातंय, आणि तो भाग मी किती दिवसांनी खाणार आहे?

काकांच्या औषधाचं आधी उरकते. शेतावर वापरतात ती बरीच कीटकनाशकं आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाड ती शोषून घेतं आणि रसातून पानापानात पोचवतं. मग पान कितीही धुवा, औषध आतच असतं. प्रत्येक डब्यावर कुठल्या पिकाला, किती प्रमाणात आणि फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही हे छापलेलं असतं. हे सगळं एकरांच्या हिशेबात असतं, तुमच्या बारा कुंड्यांच्या नाही. काकांनी पेप्सीच्या बाटलीत ओतून आणलेल्या औषधावर तर काहीच छापलेलं नसणार. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्याकडे २००५ पासून बंदी आहे, तरी "भारी औषध" म्हणून त्याचं नाव अजून ऐकू येतं. कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत संपते, लेट्यूसची पानं तर महिन्याभरात तोडायला लागतो. त्यात थांबायला दिवस आहेतच कुठे? शिवाय त्याच गॅलरीत कपडे वाळतात, तुळस असते, पोरं खेळतात. काकांना चहा द्या, औषध नको म्हणा.

तंबाखूचं पाणीही नको. "घरगुती आहे, नैसर्गिक आहे" म्हणून लोक बिनधास्त मारतात. निकोटीन नैसर्गिक आहे आणि विषारीही आहे. कच्च्या पानावर ते मी कधीच मारणार नाही.

आता लेट्यूसवरचे हिरवे बारीक किडे. तुम्ही फोटो टाकलेला नाही, पण वर्णनावरून हा मावाच. उद्या सकाळी एक पान हळूच उलटा आणि शक्य असेल तर भिंगातून, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. पेअरच्या आकाराचं पोट, मागे दोन बारीक शेपट्यांसारख्या नळ्या, आणि सगळे शिरेच्या कडेला दाटीवाटीनं बसलेले. मधे पांढरी सालटी पडलेली दिसतील. ती वेगळी कीड नाही, माव्याने टाकलेली कात आहे. पानाला हात लावलात तर चिकट लागेल. तो चिकटा म्हणजे माव्याने टाकलेला साखरेचा द्रव, आणि पुढे त्याच्यावरच काळी बुरशी येते.

मावा एवढा झपाट्याने का वाढतो, हे कळलं की वैताग थोडा कमी होतो. आपल्या हवेत माव्याच्या माद्यांना नराची गरज पडत नाही, त्या अंडी न घालता थेट पिल्लं देतात, आणि ते पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतं. सोमवारी पाच दिसले आणि तुम्ही "बघू रविवारी" म्हणालात, तर रविवारी पान भरलेलं असतं. ढगाळ, दमट, फार गरम नाही अशी हवा तर त्याच्या आवडीची. तुमच्याकडे आभाळ आल्यावरच सगळं वाढलं, ते उगाच नाही.

पण हवेवर सगळं ढकलू नका. तुम्ही ओघात लिहिलंय की दर आठवड्याला शेणखताची मूठ, जीवामृत (शेण-गोमूत्राचं द्रवखत), आणि "पानं मोठी व्हावीत म्हणून चिमूटभर युरिया" देता. माझ्या मते तुमच्या माव्याचं निम्मं कारण इथंच आहे. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत, गडद हिरवी आणि रसाळ होतात, आणि तोच रस माव्याला हवा असतो. मी एका वर्षी लेट्यूसचे दोन वाफे शेजारी शेजारी केले होते. एकाला नुसतं जुनं कंपोस्ट, दुसऱ्याला कोंबडीखत भरपूर. दुसऱ्यातली पानं तळहाताएवढी झाली आणि जानेवारीत मावा त्याच वाफ्यावर आधी पडला. पहिल्यातली पानं लहान होती, पण खाल्ली आम्ही तीच. तेव्हा युरिया आजपासून बंद. जीवामृतही तीन आठवडे थांबवा. लेट्यूसची कुंडी सुरुवातीला नीट भरली असेल तर दीड महिन्यात तिला फारसं काही लागत नाही.

आता कुंडीच्या काठावर बघा, मुंग्यांची रांग आहे का? बहुतेक असेलच. मुंग्या मावा खात नाहीत, त्याला राखतात. गवळी गाय राखतो तसं. त्या गोड चिकट्यासाठी त्या माव्याला खाणारे किडे हाकलून लावतात. मुंग्या अडवल्याशिवाय माव्याचं काहीही करा, अर्धंच काम होतं. कुंडी विटांवर ठेवून प्रत्येक विटेखाली पाण्याची बशी ठेवा, किंवा मोठ्या कुंडीच्या बाहेरून व्हॅसलीनचा दोन बोटं रुंद पट्टा ओढा. पट्ट्यावर धूळ बसली की पुन्हा लावायचा. हळद-मीठ वगैरे मी करून पाहिलं आहे; पहिल्या पाण्याबरोबर वाहून जातं, आणि मीठ तर कुंडीत जायलाच नको.

मग पाणी. गंमत नाही, खरंच नुसतं पाणी. हातपंपाची स्प्रे बाटली घ्या, नोझल घट्ट करून बारीक पण जोरदार धार करा, एक हात पानाखाली आधाराला ठेवा आणि पानाच्या खालच्या बाजूला धार मारा. मावा खाली पडतो आणि पडलेल्यांपैकी फार थोडे परत वर पोचतात, कारण रस शोषताना त्यांची सोंड पानात रुतलेली असते आणि धारेने ती बरेचदा तुटते. हे सकाळी करायचं, म्हणजे ऊन येईतो पानं वाळतात. संध्याकाळी पानं ओली ठेवलीत तर माव्याऐवजी बुरशीला बोलावणं. एक दिवसाआड तीन-चार वेळा केलं की माझ्याकडे दहातल्या सात वेळा भागतं. जी पानं अगदी भरलीत ती सरळ तोडून टाका, लेट्यूसला पुन्हा पानं येतात.

एवढ्यानं नाही भागलं तर साबणाचं पाणी: एका लिटरला चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ मिली, सौम्य द्रवरूप साबण. पोटॅशियमचा बागकामाचा साबण मिळाला तर उत्तम. भांडी घासायचं लिंबू-फेसवालं लिक्विड लेट्यूसला सोसत नाही. आधी एका पानावर मारून एक दिवस थांबा. साबण फक्त अंगावर पडला तरच किडा मरतो, वाळल्यावर त्याचा उपयोग शून्य. म्हणून पानाची पाठ भिजली पाहिजे. दहा मिनिटांनी, निदान अर्ध्या तासात साध्या पाण्याने पान धुऊन टाका.

आणि हे सगळं करायच्या आधी एक काम: पानाखाली दुसरं कोण आहे ते बघा. काळ्या अंगावर नारिंगी ठिपके, सहा पाय, लांबट, अगदी छोट्या मगरीसारखं काहीतरी सरपटताना दिसलं तर त्याला चिरडू नका. ते ढालकिड्याचं, म्हणजे लेडीबर्डचं पिल्लू. काळ्या ठिपक्यांचा लाल गोल भुंगा सगळे ओळखतात, पण त्याचं हे पिल्लू कुरूप असतं म्हणून बिचारं मारलं जातं, आणि मावा खाण्यात ते आई-बापापेक्षा कमी नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी अशी वीस-पंचवीस वेचून साबणाच्या पाण्यात टाकली होती, मोठ्या अभिमानानं. तसंच पानावर केसासारख्या देठाच्या टोकाला पांढरा मोहरीएवढाही नसलेला दाणा उभा दिसला, तर ते क्रायसोपाचं, म्हणजे मावा खाणाऱ्या आणखी एका किड्याचं अंडं. आणि माव्यातच काही किडे फुगलेले, सोनेरी-तपकिरी, हलत नाहीत असे दिसले, एखाद्याच्या पाठीला गोल भोक, तर समजा एक इवलीशी गांधीलमाशी तुमच्यासाठी काम करून गेली आहे. तिने माव्याच्या पोटात अंडं घातलं आणि तिचं पिल्लू मावा आतून खाऊन बाहेर पडलं. असे फुगीर मावे पानागणिक चार-पाच दिसायला लागले की मी हातातली बाटली खाली ठेवते. दहा दिवस नुसतं पाहते.

या ठिकाणी तुमच्या कडुनिंबाच्या तेलाबद्दल बोललं पाहिजे, कारण ते वाईट नाही, वापर चुकला. तुम्ही लिटरला १५ मिली घेतलंत, "जास्त असर व्हावा म्हणून", आणि मारलंत दुपारी बाराला. तेल उन्हात पानावर तापतं, श्वासरंध्रं बुजवतं, आणि लेट्यूससारखं पातळ पान करपतं. टोमॅटोला ५ मिली चालतं. लेट्यूसला मी २ ते ३ मिलीच्या वर जात नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी तेलात थोडा साबण घालून चांगलं फेटायचं, मग थोडं थोडं कोमट पाणी घालत दुधासारखं करायचं, आणि उन्हं उतरल्यावर मारायचं. केलेलं त्याच दिवशी संपवायचं. कडुनिंबातला जो मुख्य घटक, अझाडिरॅक्टिन, तो उन्हात आणि पाण्यात लवकर निकामी होतो. बोअरवेलचं जड पाणी असेल तर साबण फाटतो आणि तेल वर तरंगतं, तेव्हा पिण्याचं पाणी घ्या.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. कडुनिंब झुरळाच्या स्प्रेसारखं पटकन मारत नाही. कीड कमी खाते, तिची कात नीट पडत नाही, पुढची पिढी कमी होते. फवारलं आणि दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून तुम्ही पुन्हा फवारलंत, तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्यापेक्षा सात-आठ दिवसांच्या अंतराने दोनदा मारून वाट पाहायला हवी होती. उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून वाळवून ठेवल्या असतील तर तेलापेक्षा अर्क जास्त सौम्य पडतो: ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी चुरगाळून फडक्याने दोनदा गाळायची. शेतकरी ज्याला पाच टक्के निंबोळी अर्क म्हणतात तो हाच.

आणि चवीचं विसरू नका. एकदा घरी पाहुणे येणार होते, दोन दिवस आधी मी लेट्यूसवर निंबतेल मारलं होतं, आणि धुतलं की झालं अशी माझी समजूत. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "आज गुढीपाडवा आहे का गं?" तेव्हापासून नियम: लेट्यूस आणि कोथिंबीर, तोडणीच्या आधीचे दहा दिवस कडुनिंब बंद. टोमॅटो, काकडीवर साल धुता-पुसता येते, तिथे एवढा बाऊ करत नाही.

मुळ्याकडे येते. मुळ्याच्या पानांची चाळण बघून तुम्ही घाबरलात, पण तुम्ही मुळ्याचं काय खाणार? पाल्याची भाजी करत असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर पानाचा चौथा हिस्सा गेला तरी खाली मुळा पोसतो. पुसा चेतकीसारखा मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो, तुमचा आता निघायलाच आला असेल. पुढचे आठ दिवस कीड खाईल, खाऊ दे. माझ्याकडे प्रत्येक कुंडीसाठी हाच हिशेब असतो. मुळा, गाजर, बीट यांच्या पानांना भोकं पडली तर चालतं, लेट्यूसला थोडी चालतात, कोथिंबिरीत मावा चालत नाही कारण तो धुऊन निघायला फार त्रास देतो.

तरी कोण खातंय ते बघाच, कारण मुळ्यावरून ती कोबीवर आणि लेट्यूसवरही जाऊ शकते. सकाळी लवकर, सातच्या आत जा. पानावर काळपट, सुरकुतलेल्या अंगाची अळी दिसली, हात लावताच वेटोळं करून खाली पडली आणि मेल्याचं सोंग घेतलं, तर ती मोहरी-मुळ्यावरची सॉफ्लाय. दिसते अळी, पण कूळ पतंगाचं नाही, गांधीलमाशीचं. म्हणून दुकानात पतंगांच्या अळ्यांसाठी बीटी नावाचं जे जिवाणूचं औषध देतात ते तिला लागू पडत नाही. हाताने वेचा, दोन-तीन सकाळी पुरतात. अळी छोटी, हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती असेल आणि हात लावल्यावर वळवळत मागे जाऊन रेशमाच्या धाग्याला लटकत असेल, तर ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. कोबी-फ्लॉवरच्या शेतकऱ्यांची ही जुनी डोकेदुखी, जगभर कितीतरी औषधांना पचवून बसली आहे. तिच्यावर बीटी चालतं.

आणि सकाळी काहीच दिसत नसेल, पण पानावर काळसर हिरवे दाणे, म्हणजे अळीची विष्ठा, पडलेली असेल तर रात्री नऊ-दहाला मोबाइलची बॅटरी घेऊन जा. स्पोडोप्टेरा नावाच्या पतंगाची मोठी अळी दिवसा कुंडीच्या मातीत, पालापाचोळ्याखाली दडते आणि अंधार पडल्यावर वर येते. मी एका रात्री एकाच बीटाच्या कुंडीतून अकरा काढल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं गच्चीवर चोर फिरतोय. ती मोठी झाल्यावर पकडण्यापेक्षा लहान असताना पकडणं फार सोपं. मादी पानाखाली पुंजक्याने अंडी घालते आणि वर तपकिरी केसांची चादर घालते. त्यातून निघालेली पिल्लं सगळी एकाच पानावर राहतात आणि पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती पारदर्शक जाळी ठेवतात. असं एक जाळीदार पान दिसलं की ते पान तोडा, पिशवीत घाला, बांधा. शंभर-दोनशे अळ्या एका पानात गेल्या.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. अळीने तो फवारलेल्या पानाबरोबर खाल्ला तरच काम करतो. अळीचं खाणं लवकर थांबतं आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. मावा, पांढरी माशी रस शोषतात, पान खात नाहीत, त्यांना याने काहीही होत नाही. उन्हात टिकत नाही, म्हणून संध्याकाळी. प्रमाण पाकिटावर असेल तेवढंच. घरच्या भाजीसाठी मी विकतची एकच वस्तू ठेवायची म्हटलं तर ही ठेवीन. पाकीट मात्र छोटं घ्या आणि तारीख बघून घ्या, जिवाणू आहे, वर्षानुवर्षं टिकत नाही.

टोमॅटोवरच्या पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. हिच्यावर तुम्ही मारलेलं तेल पोचलंच नाही, कारण अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्याच्या मधे बोगदा करून बसलेली असते. पान उजेडाकडे धरा, रेघ जिथे सगळ्यांत रुंद आहे त्या टोकाला एक पिवळसर ठिपका दिसेल. दोन बोटांत चिमटा. झालं. खालची जुनी पानं जास्त भरली असतील तर काढून टाका, पण कुंडीत टाकू नका, कारण अळी पानातून बाहेर पडून मातीत कोष करते. वरची नवी पानं स्वच्छ असतील तर झाडाला याने फार फरक पडत नाही. फक्त एक तपासा. रेघांऐवजी पानावर मोठे, फुगलेले, कागदासारखे डाग असतील आणि हिरव्या टोमॅटोला देठाजवळ टाचणीएवढी भोकं असतील तर ती टुटा, टोमॅटोची पानं आणि फळं पोखरणारी अळी. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली. तसं असेल तर डागाळलेली पानं आणि फळं लगेच काढून बंद पिशवीत घालून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा आणि मगच कचऱ्यात टाका.

टोमॅटोची शेंड्याची पानं वर वळून, आखडून लहान राहिली असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस. झाड हलवल्यावर पांढरी भुकटी उडाल्यासारखं दिसतं ती ही माशी. अशा झाडाला औषध नाही, जीव लावू नका, उपटा.

काकडीबद्दल वाईट बातमी अशी की वाकडी होऊन गळलेली फळं गेलीच. एखादी उभी चिरून बघा, आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील; वर सालीवर एक बारीक टोचल्याची खूण आणि डिंकाचा थेंब असेल. ही फळमाशी. मादी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, आणि त्यानंतर बाहेरून काय फवारायचं ते फवारा. हिला अडवायचं म्हणजे फळच झाकायचं. फुलाचं परागीभवन झालं, मागची काकडी करंगळीएवढी व्हायला लागली की तिच्यावर कागदी पिशवी किंवा जुन्या मलमलीचा खोळ चढवून देठाशी सैल बांधा. अगदीच आजीबाईचं काम वाटतं, पण याच्याइतकं खात्रीचं माझ्याकडे दुसरं काही नाही. गळलेली प्रत्येक काकडी उचला. कंपोस्टमध्ये टाकलीत तर तिथल्या मातीत माश्यांची पुढची पिढी तुम्हीच तयार करताय. वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यू ल्यूर नावाचा गंध लावलेला सापळा मिळतो. आंब्यासाठी मिळतो तो मिथाइल युजेनॉलचा, तो इथे उपयोगाचा नाही, आणि दुकानदार दोन्ही "फळमाशीचा" म्हणूनच देतो. क्यू ल्यूरला फक्त नर येतात. चार मजली इमारतींच्या गर्दीत एका सापळ्याने किती फरक पडेल हे आजूबाजूला कुणाकडे दुधी-दोडक्याचे वेल आहेत यावर ठरतं. मी लावते, पण पिशव्याही घालतेच.

जाळीबद्दल विचाराल म्हणून सांगते. जुन्या मच्छरदाणीने फुलपाखरं, पतंग, भुंगे अडतात. मावा आणि फुलकिडे आरामात आत जातात. माव्यासाठी ४० किंवा ५० मेशची, म्हणजे इंचाला तेवढी भोकं असलेली, कीडरोधक जाळी लागते. रोपं लावल्याच्या दिवसापासून, पानाला न टेकता, खालच्या कडा मातीत दाबून लावलीत तर लेट्यूस आणि कोबीला तिच्यासारखं संरक्षण नाही. कीड आल्यावर लावलीत तर तुम्ही किडीला ढालकिड्यांपासून संरक्षण दिलंत. काकडीवरची जाळी मात्र फुलं आली की काढावीच लागते, मधमाश्यांशिवाय साधी काकडी धरत नाही. पिवळे चिकट सापळे कुंड्यांमध्ये एक-दोन लावा, पण कीड संपवायला नव्हे, कधी आली ते कळायला. जास्त लावलेत तर चांगले किडेही त्यालाच चिकटतात.

कोकणातल्या कुणी हे वाचत असेल किंवा तुम्ही जूनमध्ये पुन्हा लावणार असाल तर गोगलगायींचं वेगळं आहे. त्या कीटक नाहीत, कडुनिंबाला जुमानत नाहीत. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी कुंड्यांच्या मधे पसरा, सकाळी त्याच्याखाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजा घालूनच. गोगलगायींतून माणसाला मेंदूज्वरासारखा आजार करणारा एक कृमी येऊ शकतो, म्हणून ज्या लेट्यूसवर तिचा चमकता माग दिसतो ते पान मी कच्चं खात नाही. विदर्भात मार्चनंतर लाल कोळी येतो, त्याला धूळ आणि कोरडी हवा लागते; तिथे पाण्याचा फवाराच जास्त कामाचा. पुण्यात मी फेब्रुवारीअखेर लेट्यूस संपवते आणि त्याच्याशी भांडत बसत नाही.

तेव्हा उद्या सकाळी: युरियाचा डबा आत, मुंग्यांच्या वाटेवर पाणी, लेट्यूसची पाठ धुवा, टोमॅटोच्या रेघांची टोकं चिमटा, काकड्या झाका, मुळा उपटून खा. मोकळ्या झालेल्या कुंडीत लगेच पुन्हा मुळा नको, तिथे मेथी किंवा पालक टाका. पुढच्या वेळी लेट्यूसही एकदम सगळं न लावता दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं लावा, म्हणजे एक कुंडी गेली तरी दुसरी उभी असते. नर्सरीतून आणलेली रोपं आठ दिवस घरातल्या वेगळ्या खिडकीत ठेवून, पान उलटून बघून मगच बाकीच्यांत मिसळा. माझ्या गच्चीवरचे पिठ्या ढेकूण एका देखण्या जास्वंदीबरोबरच आले होते.

उरला तुमचा शेवटचा, लाजत विचारलेला प्रश्न: एवढं करूनही खाताना एखादा किडा राहिला तर? तोडलेली पानं गार पाण्यात चमचाभर मीठ घालून दहा मिनिटं बुडवून ठेवा, पानं वर उचलून घ्या, पाणी ओतू नका. ओतलंत तर खाली बसलेलं सगळं परत पानांवरच येतं. मग दोनदा साध्या पाण्यातून काढा. कोथिंबीर मुळं कापून, जुडी उलटी धरून पाण्यात झटका. त्यातूनही एखादा मावा राहिलाच तर तो माझ्या घरात कितीदा खाल्ला गेलाय ते मी घरच्यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. आणि टोमॅटोच्या पानाचा फोटो जमला तर पाठवा, पानाच्या खालच्या बाजूचा.